पीजीबाउन्सर, आठ महिन्यांनंतर: एका कनेक्शनपायी अडलेला ट्रक

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर पोरीला पाळण्यात बसवलं आणि फोन वाजला. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याचे मुनीमजी. "साहेब, चलन निघंना बघा. गाडी भरून दारात उभी हाय."

मोबाइलवरच लॉग उघडला. आमचा डेटाबेस सर्व्हर पोस्टग्रेस सांगत होता, कनेक्शनच्या उरलेल्या जागा सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य खात्यासाठी, राखीव. सेवा रिस्टार्ट करून गाडी सोडवली. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा मात्र स्वतःचीच लाज वाटली. आमचं ऑर्डर-चलनाचं ॲप जँगोत, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, लिहिलेलं. दर कारखान्याला वेगळी प्रत, वेगळा डेटाबेस, पण सर्व्हर एकच, 2 जीबीचा. एका प्रतीला ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्नचे 3 वर्कर, प्रत्येकी 4 थ्रेड, दर थ्रेडला एक म्हणजे 12 कनेक्शनं, वर मागच्या मागे कामं उरकणाऱ्या सेलरीची (Celery) 2. सहा कारखाने होते तोवर 84. सातवा आला आणि 98 झाली. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 राखीव. उरतात 97!

मर्यादा 150 करून वेळ मारून नेता आली असती. पण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस उभी करतो, आणि आमची बहुतेक कनेक्शनं दिवसभर नुसती बसून. म्हणून मध्ये पीजीबाउन्सर घातला: तो पोस्टग्रेसशी मोजकीच कनेक्शनं उघडी ठेवतो आणि ॲपला ती आळीपाळीने वापरू देतो. ॲपमध्ये पोर्ट पोस्टग्रेसच्या 5432 चा पीजीबाउन्सरचा 6432 केला, ट्रान्झॅक्शन मोड लावला, म्हणजे एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला मोकळं. तासाभराचं काम.

पहिली ठेच पूलच्या, म्हणजे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याच्या, आकड्यावर लागली. 'डिफॉल्ट पूल साइझ' 20 असतो, पण तो सगळ्यांत मिळून नव्हे, दर युजर-डेटाबेस जोडीला. सात डेटाबेस म्हणजे 140. आजार तोच, फक्त औषधाच्या बाटलीत! 5 वर आणला, 35 मध्ये भागलं. 'मॅक्स क्लायंट कनेक्शन', म्हणजे ॲपकडून पीजीबाउन्सरला येणारी कनेक्शनं, हीही मर्यादा मुळात 100 च असते, ती 300 केली. मग मोठा स्टॉक रिपोर्ट 'कर्सर सापडत नाही' म्हणून पडला. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये जँगोचे सर्व्हर-साइड कर्सर (मोठा निकाल डेटाबेसकडून तुकड्यातुकड्याने घेण्याची सोय) बंद करावे लागतात. हे जँगोच्या माहितीपत्रात लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं.

खरा चोर मार्चमध्ये सापडला. पीजीबाउन्सरला 'शो पूल्स' आज्ञा दिली की एकाच कारखान्याचे क्लायंट रांगेत, आणि पोस्टग्रेसमध्ये पाहिलं तर पाचही कनेक्शनं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामी. मी पूर्ण रिक्वेस्टलाच ट्रान्झॅक्शन लावलेलं, आणि चलन सेव्ह झाल्यावर त्याच्या आतच बाहेरच्या एका एसएमएस सेवेला हाक. ती सेवा दहा-दहा सेकंद उत्तर देईना, तेवढा वेळ कनेक्शन अडकून. एसएमएस कमिटनंतर, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं होऊन संपल्यावर, सेलरीकडे दिला, रांग संपली. पीजीबाउन्सरने हा दोष दुरुस्त केला नाही. पाचच खुर्च्या ठेवल्या, म्हणून कोण उगाच बसलंय ते दिसलं. एवढ्यासाठीच तो मला आवडतो.

तक्रार एक आहे. माझ्या मांडणीत नवा युजर पोस्टग्रेसमध्ये केला की पीजीबाउन्सरच्या युजरलिस्ट फाइलमध्येही लिहावा लागतो. आठव्या कारखान्याच्या वेळी विसरलो आणि अर्धा तास पासवर्डलाच शिव्या घातल्या. उलट 'पॉज' ही आज्ञा भलतीच कामाची, ॲपला चूक न दाखवता थांबवून ठेवते. जुलैत पोस्टग्रेस रिस्टार्ट केला, आधी पॉज, नंतर रिझ्यूम. मुनीमजींना पान जरा हळू उघडलं, इतकंच.

एकच कारखाना आणि एकच वर्कर असेल तर हे लावू नका, जँगोचं स्वतःचं टिकाऊ कनेक्शन पुरतं. मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) आणि रात्रीचा बॅकअप मी अजूनही थेट 5432 वरूनच चालवतो.