जड वाहनाचा ३० दिवसांचा क्लास: आठ महिने गाडी चालवल्यानंतरचा अनुभव

नागपुरातल्या एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जड वाहनाचा ३० दिवसांचा क्लास झाला. त्यानंतरचे आठ महिने दहाचाकी बीएस-६ गाडीवर अमरावती, रायपूर, हैदराबाद आणि बैतूल अशा चारही बाजूंना गेले. त्यातून बनलेलं मत आधीच सांगतो. क्लास जरूर करा, पण तो रिकाम्या गाडीवर होतो आणि पगार मिळतो भरलेल्या गाडीचा. दहाचाकीचं कायदेशीर एकूण वजन २८.५ टन, त्यात गाडीचं स्वतःचं बॉडीनुसार ९ ते १० टन. म्हणजे शिकताना हाताखाली होती त्याच्या जवळपास तिप्पट वजनाची गाडी पहिल्याच फेरीला हाती येते.

आधी कागदाचं. ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. सारथी पोर्टलवर अर्ज, डॉक्टरकडून नमुना १-अ (वैद्यकीय प्रमाणपत्र), मग शिकाऊ परवाना, ३० दिवसांनंतर चाचणी. चाचणीला जाताना स्कूलचा नमुना ५ (प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र) सोबत लागतो. नागपुरात आरटीओ कार्यालयं अशी: शहर एमएच-३१, पूर्व नागपूर एमएच-४९, ग्रामीण एमएच-४०. आपला पत्ता कोणत्या कार्यालयात बसतो ते अर्जाआधीच पाहा. हा परवाना पाच वर्षांचा असतो. टँकरवर पेट्रोल-गॅस न्यायचं असेल तर त्याचं प्रशिक्षण आणि परवान्यावरची नोंद वेगळी.

हलक्या परवान्याचं वर्ष पूर्ण व्हायचं असेल तर घरी बसू नका. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. नागपुरातल्या कळमन्यातून, वाडीतून छोट्या गाडीवर वर्षभर माल उचललेला मुलगा मोठ्या गाडीवर बसला की आरसे, गल्लीतली रिव्हर्स आणि हमालांशी बोलणं या तीन गोष्टी शिकूनच आलेला असतो.

क्लासबद्दल तक्रार एकच, पण मोठी. नियम म्हणतो, ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास. चार मुलं एका गाडीत बसवून तासभर फिरवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटं येतात, आणि महिन्याचे साडेसात तास भरतात. इथे तेच होत होतं. पहिल्या दिवसापासून वहीत तारीख आणि मिनिटं लिहा आणि कमी पडले की मागून घ्या. क्लच, गिअर, चिन्हं, एच आकाराची रिव्हर्स हे मात्र नीट शिकवलं. रिव्हर्स अजून कामाला येते, कारण आरशात मागचं चाक पाहत राहायचं, बॉडीचा कोपरा नाही, ही सवय तिथेच लागली.

मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, पण त्या हवेबद्दल मात्र कोणी पुरेसं सांगितलं नाही. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी हवेचे काटे खाली बसलेले असतात. हवा नसली की मागची चाकं स्प्रिंगने आपोआप जाम राहतात. नवा मुलगा गाडी हलत नाही म्हणून रेस देतो आणि क्लच जाळतो. इंजिन सुरू करून काटे ७-८ बारपर्यंत चढू द्या. टाकी भरली की 'फुस्स' असा आवाज येतो. मग चाकाखाली लाकडी ठोकळा लावून, इंजिन बंद करून, हँडब्रेक सोडून पायाचा ब्रेक एक मिनिट दाबून धरा आणि काट्याकडे पाहा. तो डोळ्यांदेखत सरकत असेल तर कुठेतरी लीक आहे. ती गाडी काढू नका. त्यानंतर खाली वाकून टाकीखालची रिंग ओढायची. कोरडी हवा आली तर ठीक. पाणी आलं तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं फिल्टर संपलंय. ताकासारखं पांढरट तेलपाणी आलं तर कॉम्प्रेसर तेल ओढतोय. ही दोन मिनिटं रोजची आहेत, पावसाळ्यात तर चुकवूच नका.

उतारावर ब्रेक पंप करत उतरणं ही सगळ्यात महागडी चूक. प्रत्येक दाबाला हवा खर्च होते, ड्रम तापतो आणि तापलेला लायनर पकड सोडतो. बैतूल-इटारसी मार्गावरच्या बरेठा घाटात ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकलेला असू द्या, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवा आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ, पण ठाम दाबून पूर्ण सोडा. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं असं अजूनही अनेक जण सांगतात. नव्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा फवारा बंद होतो आणि न्यूट्रलमध्ये आयडलपुरतं डिझेल जळतच राहतं. म्हणजे धोका पत्करून डिझेलही जास्त जातं.

अंतराचा हिशोब असा ठेवा: ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पुढची गाडी एखाद्या खांबापासून गेली की आपण तिथे पोहोचेपर्यंत सेकंद मोजा. भरलेल्या गाडीला चार सेकंद हवेत, पावसात सहा. मध्ये कार घुसेल. घुसू द्या, पुन्हा अंतर वाढवा.

टायर हा नागपूरच्या उन्हाळ्यातला खरा विषय. थंड टायरमध्येच हवा तपासायची, म्हणजे पहाटे, गाडी काढण्याआधी. आकडा कंपनीच्या तक्त्यातला. या गाडीला १२० पौंड होता. दुपारी ४५ डिग्रीत पन्नास-साठ किलोमीटर पळालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून कोणी हवा सोडायला सांगेल. सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, बगल सतत वाकते, त्यातून आणखी तापतो आणि फाटतो. समृद्धीच्या सलग काँक्रीटवर याची परीक्षाच होते. मागे जोडचाकांत आतलं चाक बसलं तरी बाहेरून कळत नाही. प्रत्येक थांब्यावर टामीने (लोखंडी कांबीने) आठही टायर ठोका. भरलेला टायर टामी उसळवून परत देतो, बसलेला 'थप' करतो. जोडचाकांमध्ये दगड अडकला असेल तर तिथेच काढा. वेगात तो सुटला की मागच्याची काच जाते. चाक बदललं की पन्नास किलोमीटरवर थांबून नट पुन्हा कसा, कारण चाक बसतं तसे ते थोडे ढिले होतात.

बीएस-६ गाडीत युरियाची (धूर साफ करणाऱ्या द्रावणाची) टाकी डिझेलएवढीच महत्त्वाची. खर्च डिझेलच्या साधारण ४-५ टक्के. त्यात पाणी किंवा दुसरा कुठलाही सुटा द्रव टाकला की आतली यंत्रणा बिघडते. संपू दिला तर गाडीची ताकद घटते. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला की मॅन्युअलप्रमाणे रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, पूर्ण होऊ द्या, मध्येच चाबी बंद करू नका. आणि त्या वेळी सायलेन्सर खूप तापतो, म्हणून वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.

मालाप्रमाणे गाडी बदलते. बुटीबोरीतून सळई भरली तर ती पुढच्या फळीला टेकलेली आणि साखळीने आवळलेली पाहिजे. मोकळी राहिली तर जोराच्या ब्रेकला केबिनमध्ये शिरते. बॉडीबाहेर निघालेली सळई तर नेताच येत नाही. सिमेंटला ताडपत्री दुहेरी, पुढची पट्टी मागच्या पट्टीवर, नाहीतर वारा आणि पाणी दोन्ही आत जातात. काटोल-वरूडकडच्या संत्र्याला मात्र वारा हवा असतो. घट्ट गुंडाळलं तर माल गरम होऊन बसतो. वजन मागच्या टोकाला जास्त पडलं की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. असं वाटलं तर लगेच वजनकाट्यावर जा. जास्त वजनाला दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. काट्याची पावती ट्रिप संपेपर्यंत जपून ठेवा.

बिल्टी (माल पाठवल्याची पावती), इनव्हॉइस आणि ई-वे बिल (जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) गाडी हलवण्याआधी वाचून पाहा, विशेषतः त्यातला गाडीचा नंबर. एक आकडा चुकला तरी गाडी उभी राहते. ई-वे बिल दर २०० किलोमीटरला एक दिवस चालतं, तेव्हा रायपूरला दोन दिवस. वाटेत बिघाड झाला तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. पार्टीला फोन करायला उशीर करू नका.

रस्त्यांचा क्रम आमच्या मते असा: पहिले दोन महिने अमरावती आणि रायपूर, मग हिंगणघाट-पांढरकवडा मार्गे हैदराबाद, बैतूलचा घाट सगळ्यात शेवटी. ४४ नंबरवर मनसरच्या पुढे पेंचचं जंगल लागतं. प्राण्यांसाठी उंच पूल बांधले आहेत, तरी रात्री वेग कमीच ठेवा. समृद्धीवर जड गाडीला ८० ची मर्यादा आहे. वळण नाही, गाव नाही, म्हणून डोळे उघडे असतानाही लक्ष जातं. दर दोन तासांनी खाली उतरून टायर ठोकले की दोन्ही कामं होतात. पहाटे दोन ते पाच मात्र झोपा. शहरातल्या चौकात सिग्नल सुटताना डावीकडे, केबिनच्या अगदी खाली, उभी स्कूटर आरशात दिसत नाही. त्यासाठी समोरचा खालचा आरसा आहे, तो आपल्या उंचीला लावून घ्या.

मालकाशी बोलताना पगाराआधी चार गोष्टी विचारा: भत्ता किलोमीटरवर की ट्रिपवर, ॲव्हरेज कमी आलं तर डिझेल कोणाच्या खात्यात, टायर फुटला तर कोणाचा, आणि जास्त माल मालकाने भरायला लावला तर दंड कोणाचा. शेवटच्याला सरळ उत्तर आलं नाही तर ती गाडी घेऊ नका. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती हा हक्क होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या जड गाड्यांत एसी केबिन सक्तीची आहे. दोन नोकऱ्यांत निवड असेल तर मे महिन्याचा विचार करून नवी गाडी घ्या.

क्लास संपल्यावर लगेच एकट्याने गाडी घेऊ नका. दोन-तीन महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून बसा, पगार थोडा कमी पडला तरी. त्यांना आधीच सांगा: काका, रिकामी गाडी तुम्ही आणा, भरलेली मला द्या, तुम्ही बाजूला बसा. बरेच जण उलट करतात, परतीची रिकामी गाडी नव्याला देतात, आणि तीन महिन्यांनी तो मुलगा होता तिथेच असतो.