प्रोसेसरचा कूलर डीपकूल एजी ४००: सोलापूरच्या उन्हात आणि उडत्या कापसात दहा महिने

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. काम घरूनच चालतं, आणि घर सोलापूरच्या पूर्व भागात. वरचा मजला, डोक्यावर पत्रा, आणि भिंतीला भिंत लागून टेरी टॉवेलचा यंत्रमाग कारखाना, त्यातला कापूस उडत घरात येतो. आमच्या धंद्याची सराई एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका बाहेर पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा. दुपारी तीनला खोलीत ३८-३९ अंश हे माझ्याकडे रोजचं. टेबलावर साधा थर्मामीटर ठेवलाय, त्यावरून सांगतोय.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, ६५ वॅटचा. ग्राफिक्स कार्ड जुनं, त्यामुळे रेंडरचा, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाईल बनवायच्या कामाचा, जवळजवळ सगळा भार प्रोसेसरवर. सोबत आलेला छोटा कूलर मी दोन वर्षं वापरला. त्याला नावं ठेवणार नाही, ज्याची खोली २५ अंशांवर असते त्याला तो पुरतो. माझ्या पत्र्याखाली मात्र मे महिन्यात रेंडर लावलं की पाच मिनिटांत ९० अंश. या प्रोसेसरची मर्यादाच ९० आहे. तिथं पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. ४.२ गिगाहर्ट्झवर चालणारं काम ३.७-३.८ वर यायचं. पंखा सारखा फुल्ल. रात्री पलीकडच्या खोलीतून आई म्हणायची, "झोपू दे की रे जरा." ते ऐकलं की रेंडर थांबवायचो, आणि सकाळी गिऱ्हाइकाचा फोन यायचा.

म्हणून या फेब्रुवारीत, उन्हाळा लागायच्या आधी, नवा कूलर घ्यायचं ठरवलं. बजेट दोन हजार.

निवडताना एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती आधी सांगतो. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक कमी करतो. त्यामुळे कुणी "माझा ६२ वर चालतो" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा, खोली किती होती? एसीतल्या २४ अंशांत ६२ असेल तर फरक ३८ चा. तोच कूलर माझ्या ३८ अंशांच्या खोलीत ७६ दाखवणार. मी वर्षभर लोकांचे आकडे वाचून स्वतःची मशीन बिघडली असं समजत होतो, ते याचमुळे.

खोक्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यावरून दोन कंपन्यांच्या कूलरची तुलना करू नका. तो आकडा मोजायची सगळ्यांनी मिळून ठरवलेली एकच पद्धत नाही. त्यापेक्षा आपला प्रोसेसर किती खातो ते बघा. माझा ६५ वॅटचा म्हणतात, पण भर लोडवर ७६ पर्यंत जातो. इंटेलचा आय५-१२४०० सुद्धा ६५ चाच, पण टर्बोत, म्हणजे वेग वाढवून चालताना, त्याची मर्यादा ११७ वॅट आहे. दोघांवर ६५ लिहिलंय म्हणून दोघांना सारखाच कूलर पुरेल असं होत नाही.

दुकानदार ओळखीचा. त्यानं आधी लिक्विड कूलर दाखवला, पाच हजारांच्या पुढचा. "घ्या की ओ, एकदाच खर्च." मग दोन टॉवरचा एक दाखवला. टॉवर म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांचा, फिन्सचा, उभा ठोकळा. दोन्ही चांगलेच होते. पण मी त्याला एवढंच विचारलं, यातला कापूस मी घरी कसा काढायचा? लिक्विड कूलरच्या रेडिएटरलाही बारीक फिन्स असतात आणि त्यांच्यातूनही हीच हवा जाते. दोन टॉवरवाल्यात मधला पंखा दोन्ही टॉवरच्या कुशीत बसतो, तो काढल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. माझ्या घरात दर तीन आठवड्यांनी उघडावा लागणार, हे मला ठाऊक होतं. तेव्हा एकच टॉवर, समोर एकच १२० मिलिमीटरचा पंखा, आणि तो पंखा तारेच्या क्लिपांनी अडकवलेला, स्क्रूनं नाही. एवढं बघून एजी ४०० घेतला. १९०० च्या आसपास पडला.

उंचीचं बघायला विसरू नका. माझ्या कॅबिनेटची मर्यादा १५५ मिलिमीटर, हा १५० चा. त्याच कंपनीचा एके ४०० बरोबर १५५ चा आहे. काचेला घासेल की काय या धास्तीनं तो सोडला.

आता बसवण्याबद्दल, कारण इथं माझ्या हातून मोठी चूक होता होता वाचली. जुना कूलर काढताना मशीन रात्रभर बंद होती, थंडगार. चार स्क्रू सोडले, कूलर सरळ वर ओढला. तो हलेना. जरा जोर लावला तर 'टक' असा आवाज झाला आणि कूलरसोबत प्रोसेसरही उपटून वर आला, उष्णता वाहून नेण्यासाठी दोघांमधे लावलेली पेस्ट वाळून तिला चिकटलेला. एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या या जागेत, पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१ पिना, आणि सॉकेटचा खटका लावलेला असूनही प्रोसेसर असा निघून येतो. मी तो उजेडात धरला. कडेच्या ओळीतल्या दोन पिना झुकलेल्या. हात थरथरत होते, म्हणून आधी पाणी प्यायलो, बसलो. मग धाकट्या बहिणीची शिशाची पेन्सिल घेतली, ०.५ ची, शिसं काढून. तिचं पोकळ टोक पिनेवर अलगद चढवलं आणि केसाएवढं केसाएवढं करत पिन सरळ केली. दोन पिनांना पाऊण तास लागला. प्रोसेसर सॉकेटवर ठेवला, तो स्वतःच्या वजनानं खाली बसला, तेव्हा जिवात जीव आला.

तुम्ही असं करू नका. काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं एखादं जड काम लावून प्रोसेसर गरम करा, पेस्ट मऊ होते. मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा, आणि कूलर वर न ओढता आधी डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा. सुटला की मग उचला. आणि स्क्रू सोडण्यापूर्वी कॅबिनेटची मागची बाजूही उघडून मदरबोर्डमागची पट्टी हातानं धरून ठेवा. स्क्रू निघाले की तिला धरणारं काही उरत नाही, ती आत पडते. नव्या कूलरला तीच पट्टी लागते.

पेस्ट मी आर्क्टिकची एमएक्स-४ वापरली. या कूलरच्या तळाला सपाट प्लेट नाही, चार तांब्याच्या नळ्या घासून सपाट केल्यात आणि त्याच थेट प्रोसेसरला टेकतात. नळ्यांच्या मधे बारीक खाचा राहतात, त्यामुळे मधोमध एक थेंब न टाकता नळ्यांच्या दिशेनं बारीक रेघा ओढल्या. या नळ्या भरीव नसतात. आत हवा काढून थोडंसं पाणी ठेवलेलं असतं, म्हणून ते कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती फिन्सपर्यंत जाते, तिथं वाऱ्यानं थंडावून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी परत प्रोसेसरकडे ओढलं जातं, समईच्या वातीत तेल चढावं तसं. पंख्याचं काम फक्त फिन्समधून हवा पुढं ढकलायचं. फिन्स तुंबल्या की वाफेला थंड व्हायला जागाच उरत नाही.

मे महिन्यातले आकडे: खोली ३८, अडीच तासांचं रेंडर, प्रोसेसर ७५ ते ७७. वेग ४.२ वरून हलला नाही. आता डिसेंबरात खोली २६ असते, तेच काम ६३-६४ वर होतं. म्हणजे दोन्ही वेळा फरक ३८ च्या आसपासच. मेमध्ये ज्या रात्री मी पहिल्यांदा रेंडर लावून तसाच झोपी गेलो, त्या रात्री आईनंही काही म्हटलं नाही.

आवाजासाठी मात्र बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जावं लागलं. रायझनचं तापमान साधी फाईल उघडली तरी क्षणात दहा अंश उडी मारतं आणि लगेच उतरतं. पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावतो आणि सारखा घूं-घूं करत राहतो. मी ६० अंशांपर्यंत वेग ४० टक्क्यांवर बांधला, ८० ला पूर्ण, आणि पंख्यानं बदल करण्याआधी काही सेकंद थांबावं अशी सेटिंग लावली. माझ्या बोर्डवर ती पंख्याच्याच पानावर मिळाली. हे केल्यावर फोटो निवडताना मशीन चालू आहे हे कळतही नाही.

आता कापसाचं. यासाठीच मी एवढं लिहायला बसलोय, कारण सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, कुठल्याही मागाच्या गावात राहणाऱ्याला हाच त्रास असणार.

साधी धूळ फिन्सवर बसते. कापूस बसत नाही, तो विणला जातो. पंख्यातून आत आलेले तंतू फिन्सच्या पुढच्या कडांना अडकतात, त्यांना पुढचे तंतू अडकतात, आणि पंखा आणि टॉवर यांच्यामधे एक पडदा तयार होतो. बाहेरून काहीही दिसत नाही, कारण समोर पंखा असतो आणि तो छान फिरत असतो. मार्चमध्ये लावून पहिल्या चोवीस दिवसांत माझा प्रोसेसर रेंडरमध्ये ७० वरून ७७ अंशांवर गेला होता, खोली तेवढीच असताना. पंखा काढला. मागे फिन्सवर अख्खा गालिचा. नखानं एक कोपरा सोडवला तर सगळा एका तुकड्यात निघून आला, जाड्याभरड्या टॉवेलसारखा, फिक्या गुलाबी रंगाचा. गुलाबी कसा, हे मला कळेना. संध्याकाळी खाली कारखान्यात बघितलं, मागावर गुलाबी टॉवेल चालू होते. तेव्हापासून मी बघतो, जो रंग खाली मागावर तोच वर माझ्या फिन्सवर. जुलैत मरून निघाला.

साफसफाई आता दहा मिनिटांची झालीय. पंख्याच्या दोन्ही क्लिपा सोडायच्या, पंखा बाजूला, पडदा बोटानं उचलायचा, राहिलेलं रंगाच्या एक इंची कोरड्या ब्रशनं वरून खाली. पेस्टला, स्क्रूंना हात लावायचा नाही. गच्चीवर नेऊन ब्लोअर मारत असाल तर पंखा एका बोटानं धरून ठेवा; वाऱ्यानं तो भलत्याच वेगानं फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. माझ्या आधीच्या कॅबिनेटचा एक पंखा मी असाच घालवला.

एप्रिलपासून कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा लावलाय, कडांना छोटे चुंबक. तापमान त्यानं दोनेक अंश वाढलं, पण फिन्सवरचा कापूस निम्म्याहून कमी झाला. तो तुकडा दर रविवारी झटकतो. हा सौदा मला मान्य आहे.

खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरचंही सांगायला हवं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याचा कूलर खोली चार-पाच अंशांनी उतरवतो, आणि खोली उतरली की प्रोसेसरही तेवढाच उतरतो. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. मी मेमध्ये आठवडाभर घेतला. कापूस ओलसर होऊन फिन्सला असा बसला की ब्रशनं निघेना, टूथपिक घेऊन एकेक फट मोकळी करावी लागली. वर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. आता तो कूलर खिडकीत, तोंड माझ्याकडे, मशीन आडोशाला.

ज्यांच्याकडे १०५ वॅटचा रायझन ७ ५८००एक्स किंवा वरच्या वर्गातला आय७ आहे आणि खोली माझ्यासारखी आहे, त्यांनी दोन टॉवरचाच घ्यावा, साफसफाईचा त्रास सोसून. माझ्या वर्गातल्या प्रोसेसरला जास्तीचे दोन हजार घालण्यात अर्थ नाही. ते मी एसएसडीत घातले. पुढं एएम५ या नव्या सॉकेटवर गेलो तरी हा कूलर तिथं बसतो, म्हणून तोही खर्च वाचणार. पंखा गेला तर १२० चा कुठलाही साधा चार पिनांचा पंखा याच क्लिपांत बसतो. फक्त मशीन गाडीवर न्यायची असेल तर कॅबिनेट आडवं धरा, मदरबोर्ड खाली. टॉवर लोंबकळत ठेवून आपल्या रस्त्यांवरून नेणं बरं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यापासून पुन्हा कामं सुरू झालीत. काल रात्री पंखा काढला, पडदा पातळ होता, निळा. ब्रश मारला, क्लिपा लावल्या आणि जुळे सोलापूरच्या एका लग्नाचं रेंडर लावलं. खोली २५, प्रोसेसर ६३.