‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ पाहून झाल्यावर: नौसिकाचा संच आणि सोबतीच्या काही कथा

हिदेआकी आन्नो आणि काझुया त्सुरुमाकी यांनी दिग्दर्शित केलेला ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ हा, महाकाय यंत्रमानवांच्या ‘इव्हँजेलियन’ या जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकेचा शेवट सांगणारा १९९७ चा चित्रपट दीड तासाच्या आत संपतो. पाहणारा मात्र पुढे बराच काळ त्यातून बाहेर येत नाही आणि या तोडीचे आणखी काय आहे, याचा शोध घेऊ लागतो. नागपुरातील ॲनिमेप्रेमी तरुण मंडळींच्या हाती अशा वेळी बहुधा महाकाय यंत्रमानवांच्या मालिकांची यादी येते, आणि तिथेच त्यांचा हिरमोड होतो. माणसामाणसांतील भिंती पाडून सगळे एकजीव झाले, तर कोणी कोणाला दुखावणार नाही. मग तसे व्हावे, की वेगळे राहून दुखावले जाण्याची तयारी ठेवावी, हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. हा प्रश्न ज्या कथांनी तितक्याच गांभीर्याने हाताळला आहे, त्यांचाच येथे परामर्श घेतला आहे. चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनी आधी २६ भागांची मूळ मालिका आणि मग तो चित्रपट पाहावा. दोन्ही २०१९ पासून नेटफ्लिक्सवर आले आहेत.

माझी पहिली शिफारस हायाओ मियाझाकी यांच्या ‘नौसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची आहे. याच नावाच्या १९८४ च्या चित्रपटात अर्धवट घडलेला, स्वतःच्याच देहाचे गोळे गाळत पुढे सरकणारा जो महाकाय योद्धा दिसतो, तो प्रसंग त्या वेळी उमेदवारी करणाऱ्या आन्नो यांनी रेखाटला होता. इव्हँजेलियनमधील यंत्रांना जे मांसल, वेदनामय शरीर आहे, त्याचे मूळ पाहायचे असेल तर ते येथे आहे. तो चित्रपट मात्र कथेचा केवळ आरंभ सांगतो. मांगा १९८२ ते १९९४ या काळात, मध्ये मोठे खंड पडत, प्रसिद्ध होत राहिली आणि सात खंडांत पूर्ण झाली. तिच्यात तो योद्धा बोलू लागतो, नायिका नौसिकाला आई म्हणतो, आणि आईला आवडावे म्हणून संहार करण्याची त्याची धडपड पाहताना वडिलांच्या शाबासकीसाठी झुरणारा इव्हँजेलियनचा नायक शिंजी आठवल्याशिवाय राहत नाही. शेवटी नौसिकापुढे प्राचीन शास्त्रज्ञांची एक योजना येते: जग शुद्ध होईल आणि आजच्या कलुषित माणसाच्या जागी निर्मळ, शांत असा नवा माणूस येईल. त्यावर ती जे करते, ते शिंजीच्या निर्णयापेक्षा अधिक धाडसाचे आहे, कारण त्याची नैतिक किंमत तिला पुरती ठाऊक असते आणि ती किंमत मोजण्याचे ओझे ती एकटी उचलते. त्या प्रकरणाइतके अस्वस्थ करणारे चित्रकथेत मी दुसरे काही वाचलेले नाही.

व्हिझ या प्रकाशनाचा पक्क्या बांधणीचा दोन ग्रंथांचा संच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. पाने मोठ्या आकाराची आहेत आणि छपाई काळ्याऐवजी तपकिरी शाईत आहे. त्यामुळे कीटकांच्या कवचांवरील आणि बुरशीच्या जंगलातील बारीक रेघा डोळ्यांत भरतात. ही शाई मंद दिव्यात फिकी वाटते, म्हणून वाचन भरपूर उजेडात करावे. ग्रंथ जड आहेत. ते मेजावर ठेवूनच वाचावे लागतात. आपल्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळायला हवे: नवतपात घरोघरी कूलर चालू असतो, आणि त्याच्या दमट झोतात ठेवलेल्या पुस्तकांची पाने लाटांसारखी वळतात, तेव्हा हा संच कपाटात त्याच्या पेटीतच ठेवावा. सीताबर्डी किंवा धरमपेठेतील दुकानांत तो मांडणीवर दिसेलच असे नाही. मागणी नोंदवून मागवणे बरे.

आर्थर सी. क्लार्क यांची ‘चाइल्डहुड्स एंड’ ही १९५३ ची कादंबरी याच प्रश्नाला उलट बाजूने भिडते. येथेही मानवजातीचे एका विराट जाणिवेत विलीनीकरण होते, परंतु त्यात निवडीला जागाच नसते. मुले निघून जातात आणि आईवडील मागे उरतात. क्लार्क हे सारे अत्यंत संयत, जवळजवळ अहवालासारख्या भाषेत सांगतात, आणि त्या संयमामुळेच पुस्तकाचा उत्तरार्ध अधिक बोचतो. पात्रे काहीशी पुसट आहेत, ही त्रुटी खरी आहे, परंतु कल्पनेच्या आवाक्यापुढे ती सोसता येते.

गो नागाई यांची ‘डेव्हिलमॅन’ ही १९७२-७३ ची मांगा इव्हँजेलियनची थेट पूर्वज मानली जाते. मासाकी युआसा यांनी २०१८ मध्ये केलेले तिचे दहा भागांचे रूपांतर, ‘डेव्हिलमॅन क्रायबेबी’, नेटफ्लिक्सवर आहे. त्यात सर्वांत भयंकर कृत्ये राक्षस करत नाहीत. ती घाबरलेले शेजारी करतात. हिंसा आणि लैंगिक दृश्ये अतिशय उघड असल्यामुळे हे रूपांतर केवळ प्रौढांनीच पाहावे. योशियुकी तोमिनो यांची ‘इदेऑन’ ही ॲनिमे मालिका महत्त्वाची आहेच, पण तिचा १९८२ चा समारोपाचा चित्रपट मालिकेशिवाय समजत नाही, म्हणून तो अभ्यासूंसाठी.

या यादीत मी आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवार यांचे ‘युगान्त’ हे नाटक ठेवतो, आणि ते केवळ गावाच्या अभिमानापोटी ठेवत नाही. ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘मग्न तळ्याकाठी’ यांनंतरच्या या तिसऱ्या भागात धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा उरलेला नाही, दुष्काळाने गाव ओसाड झाले आहे, आणि अभय व पराग हे दोघे चुलतभाऊ त्या वैराणात बोलत बसतात. सगळे संपल्यावर दोन माणसांनी एकमेकांशी काय बोलावे, या प्रश्नापाशी ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’च्या शेवटचा समुद्रकिनारा आपल्याला सोडून देतो, आणि एलकुंचवार तिथूनच पुढे लिहितात. विदर्भातील वाचकाला त्या रखरखीची ओळख करून द्यावी लागत नाही. तिन्ही भाग क्रमाने वाचावेत. थेट तिसरा वाचल्यास वाड्याचे नसणे जाणवणार नाही.

इनिओ आसानो यांची ‘गुडनाइट पुनपुन’ ही मांगा मात्र मी सावधपणे सुचवतो. तिच्यात जगाचा अंत होत नाही. एका मुलाचे आयुष्य आतून कोसळत जाते. भोवतालचे रस्ते, विजेच्या तारा, माणसांचे चेहरे छायाचित्राइतके तपशीलवार आणि त्यांत पुनपुन एका बालिश पक्ष्याच्या रेघोटीसारखा, ही योजना विलक्षण परिणाम करते. इंग्रजीत ती सात खंडांत मिळते. घरातील हिंसा आणि आत्महत्येचे विचार तिच्यात वारंवार येतात. ज्यांचे मन सध्या खचलेले आहे त्यांनी ती बाजूला ठेवावी, आणि इतरांनीही इव्हँजेलियन संपल्यासंपल्या हाती न घेता मध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत.