तीन मडक्यांचा खत-खांबा: जिन्यातल्या चार बिऱ्हाडांना पुरतो का?

एका जिन्यातल्या चार घरांनी मिळून एकच खांबा घ्यायचा बेत असेल, तर तो सोडा. मातीच्या तीन मडक्यांचा हा उभा संच चार-पाच माणसांच्या एका घरासाठी बेतलेला आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या 'डेली डंप' या घरगुती खताची साधनं विकणाऱ्या कंपनीने तो लोकांच्या ओळखीचा केला. एका घरासाठी पाचपैकी साडेचार गुण. चार घरांत एकच खांबा, तर दोन.

कारण साधं आहे. वरचं मडकं भरलं की त्याची मधल्याशी अदलाबदल करायची, आणि वर आलेलं मडकंही भरलं की आधीचा अर्धवट कुजलेला माल तळाच्या मडक्यात ओतायचा. एका घराला एक मडकं भरायला साधारण महिना लागतो, त्यामुळे खताला मुरायला अडीच-तीन महिने मिळतात. चार घरांचा कचरा पडला की मडकं आठवडाभरात भरतं आणि तळातून निघतो तो कांद्या-बटाट्याच्या साली ओळखू येतील असा लगदा. चार घरांना तीन खांबे तरी हवेत. नाहीतर एक खांबा आणि अर्धकच्चा माल मुरवायला भोकं पाडलेले दोन जुने ड्रम.

बाकी बहुतेक तक्रारी पाल्याच्या असतात. डबाभर ओल्या कचऱ्यावर डबाभर चुरलेला सुका पाला, आणि सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा आंबट ताक. माल मुठीत आवळला तर बोटांतून एक-दोन थेंबच यावेत. नाकाला झोंबणारा वास आला तर पाला कमी पडला. सडका, आंबूस आला तर पाणी जास्त झालं, हवा कोंडली. मुंग्या दिसल्या तर कोरडं पडलंय. जाड, करड्या अळ्या दिसल्या म्हणून फिनेल ओतू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा फस्त करतात. फिनेलने मात्र खत करणारं सगळंच मरतं.

खरी परीक्षा जुलैत. हवा दमट, माती पाणी धरते आणि सुका पाला औषधालाही मिळत नाही. तो पिंपळ-बदाम झडतात तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पोत्यांत भरून ठेवावा लागतो. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या टाकायच्याच नाहीत. गणपतीच्या निर्माल्यातले दोरे आधी काढायचे, नाहीतर ढवळताना काठीला गुंता.

बांधणीत दोन उणिवा. वरच्या मडक्यांच्या तळाची काथ्याची जाळी कुजते. तिथे नायलॉनची दोरी विणा. आणि भरलेलं मडकं एकट्याने उचलू नये, काठाचा टवका तिथेच उडतो. दोघं लागतातच, त्यामुळे अदलाबदलीचा वार सगळ्यांच्या सोयीचा ठरवा.

खत जायला जागा नसेल तर चाळलेल्या खताची पोती जिन्यात साचतात आणि दोन महिन्यांत उत्साह मावळतो. म्हणून गच्चीवर सामाईक वाफा आधी आखा. शेतीतले प्रयोगकर्ते श्री. अ. दाभोळकर यांच्या पद्धतीने प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून बाग उभी केली; तिथलं खतही स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचंच. वाफा थेट स्लॅबवर नको. खाली विटा, पाण्याला वाट, मग उसाची चिपाडं, पाला आणि वर खत-मातीचा सहा इंच थर.

काय लावायचं यावर शेजार टिकतो, हे गंमतीने म्हटलेलं नाही. मेथी एकदम तयार होते, एकदम उपटावी लागते आणि वाटपाची कटकट होते. लाल माठ खुडला की पुन्हा फुटतो. अळू सर्वांत सोयीचं: बाहेरची पानं कापायची, आतली दोन-तीन ठेवायची, दर आठवड्याला पाळीने एकेका घराला. लावताना दोन्ही कंद आणा, काळ्या देठाचा वडीसाठी आणि हिरव्या देठाचा फदफद्यासाठी.