फी वाढवा, पण आधी ट्यूबलाइट बंद करा: लाइफ ड्रॉइंगच्या वर्गाचा अनुभव

पुढच्या महिन्यापासून फी वाढणार असा मेसेज आला, म्हणून लिहायला बसले. सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी मॉडेल बसवून लाइफ ड्रॉइंग चालतं, तिथे मी बरेच महिने जातेय. आधी झटपट जेश्चर (पोजचा झोक पकडणारी भरभर रेखाटनं), मग लाँग पोज (मॉडेल बराच वेळ एकाच स्थितीत), हा क्रम सगळीकडे सारखाच असतो, तो सोडते.

माझं भांडण दिव्यांशी आहे. हॉलच्या चारही भिंतींवर ट्यूबलाइट. उजेड सगळीकडून सारखा पडला की गालफडाखाली सावली नाही, बरगड्यांच्या बाजूला सावली नाही. एका बाजूने उजेड आला तरच अंग कुठे वळतं ते दिसतं, आणि चारकोलचं खरं काम त्या वळणावरच असतं. ते दिसेना की नवशिका बाह्यरेषा गिरवत बसतो. मग समोर कोणीही बसलेलं असो, कागदावर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रातली घोटलेली भाजीवालीच उतरते.

संयोजकांशी बोलले. "मॅडम, दिवे बंद केले तर बाकीच्यांना कागद दिसत नाही. आणि आपली खिडकी उत्तरेची आहे, उजेड स्थिरच असतो." उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, हा नियम युरोपातल्या स्टुडिओंचा. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यसुद्धा उत्तरेकडे असतो. शून्य सावलीचे (माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते) दोन दिवस याच काळाच्या दोन टोकांना येतात. सकाळी तर तो ईशान्येकडूनच वर चढतो. मे महिन्यात उन्हाचा पट्टा खिडकीतून तिरपा आत येऊन मॉडेलच्या खांद्यावर पडायचा आणि एका पोजमध्येच सरकायचा.

गणपतीनंतर मात्र बदल झाला. आता लाँग पोजला ट्यूब बंद करतात, मॉडेलच्या डावीकडे स्टँडवर एक दिवा असतो, आणि ज्याला कागद दिसत नाही तो बोर्डाला छोटा दिवा लावतो. पहिल्याच दिवशी मॉडेल म्हणून आलेल्या मावशी एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. भाराच्या बाजूचं कंबरेचं हाड वर, त्याच बाजूचा खांदा खाली, आणि गळ्याच्या खळीतून सोडलेला ओळंबा थेट भाराच्या घोट्याशी. पुस्तकात हे वाचलं होतं. त्या सकाळी दिसलं.

कपड्यांबद्दलचं मतही बदललं. इथे मॉडेल कपड्यांतच असतात, आणि सुरुवातीला मला ते कमी वाटायचं. पण काष्ट्याच्या नऊवारीच्या चुण्या गुडघ्यापासून, नितंबापासून ताणल्या जातात. आतला पाय कुठे आहे ते त्याच सांगतात.

प्रोजेक्टरचं मात्र अजून पटलेलं नाही. मॉडेल आलं नाही की भिंतीवर फोटो टाकतात आणि फी पूर्ण घेतात. फोटोभोवती जागा बदलून बसता येत नाही. वीस मिनिटांत भाराचा पाय थकतो, कंबर हळूहळू खचते, तेही फोटोत नाही. फुकट रेखाटायला मंडई आहे, सारसबाग आहे. पैसे भरायचे ते समोर स्थिर राहणाऱ्या जिवंत माणसासाठी.

कागदावर पैसे घालवू नका. जेश्चरला अप्पा बळवंत चौकातून पातळ न्यूजप्रिंटचा दस्ता आणा. पावसाळ्यात तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, दमट कागदावर चारकोल नीट धरत नाही. वाढीव फी मी भरणार आहे. तुम्ही भरण्याआधी लाँग पोजच्या वेळी जाऊन दिवे बघा, आणि मॉडेल न आल्यास त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतील हे मेसेजवर लिहून घ्या.