रोबोकॉपी: फोल्डरच्या तारखा जपायच्या असतील तर हेच वापरा

मागच्या वेळी हार्ड डिस्क बदलली तेव्हा मी सगळं सिलेक्ट करून सरळ नव्या डिस्कवर ओढून टाकलं, फाइल्स सगळ्या आल्या, एकही कमी नाही, पण चार दिवसांनी तारखेप्रमाणे सॉर्ट करून बघते तर प्रत्येक फोल्डरसमोर एकच तारीख, बॅकअप घेतला त्या दिवसाची. आतल्या फाइल्सची मॉडिफाइड डेट जशीच्या तशी, फक्त फोल्डरची गेली. 'स्कॅन', 'स्कॅन नवीन', 'स्कॅन फायनल' यातलं कुठलं कधीचं हे मला तारखेवरूनच कळायचं, आणि तोवर जुनी डिस्क फॉरमॅट करून झाली होती. फार वाईट वाटलं तेव्हा.

असं का होतं, तर कॉपी करताना पलीकडे फोल्डर नव्याने तयार होतं, मग त्यात एकेक फाइल पडते, आणि आत काही आलं-गेलं की फोल्डरची तारीख बदलते. म्हणजे सगळं भरून झाल्यावर जुनी तारीख कोणीतरी परत लावायला हवी.

ते काम रोबोकॉपी ही फाइल्स कॉपी करायची कमांड करते. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे, वेगळं काही टाकायला लागत नाही, कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि चालवा. पण मेख अशी की फाइल्ससाठी ते आपणहून डेटा, अ‍ॅट्रिब्यूट आणि टाइमस्टॅम्प तिन्ही घेतं, फोल्डरसाठी मात्र टाइमस्टॅम्प सोडून देतं! तिथे 'डीकॉपी' या स्विचला (कमांडपुढे लिहायचा पर्याय, /DCOPY:DAT) 'डीएटी' असं आपल्याला सांगावं लागतं, त्यातला शेवटचा टी म्हणजे टाइमस्टॅम्प. सोबत 'ई' द्या म्हणजे रिकामी सबफोल्डरसुद्धा येतात.

अजून एक, एखादी फाइल उघडली नाही तर हे डीफॉल्टने १० लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं, त्यामुळे 'आर' (किती प्रयत्न) आणि 'डब्ल्यू' (किती सेकंद थांबायचं) दोन्ही १ वर आणाच. आणि 'एमआयआर' जपून, मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही उडवतं, सोर्स-डेस्टिनेशन उलटं टाइप झालं तर काय होईल विचार करा. मी आधी 'एल' लावून नुसती यादी बघते, त्यात खरं काहीच कॉपी होत नाही, मगच एंटर. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 'एफएफटी' पण द्या, कारण तिथे मॉडिफाइड वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने साठते आणि न बदललेली फाइलही बदललेली वाटू शकते.

काळी खिडकी बघून घाबरू नका, एकदा कमांड जमली की बॅच फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. दुसरी डिस्क मी अशीच उतरवली, दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून वरपासून खालपर्यंत तारखा ताडून बघितल्या, २०११ चं फोल्डर २०११ चंच राहिलंय.