विजया तेलाचा ‘उतारा’: एचपीएलसी, जीसी की टीएलसी, कोणता रिपोर्ट धरायचा?

नंदगडला मावशीच्या स्वयंपाकघरात कट्ट्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही ३० मिलीच्या, तपकिरी काचेच्या, दोन्हींत तिळाच्या तेलातला विजयेचा, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क. एकीवर ‘विजया अर्क १५०० मिग्रॅ’ छापलेलं, दुसरीवर ‘३००० मिग्रॅ’. वैद्यांनी लिहून दिलेली पहिली संपत आली होती आणि बेळगावात मिळेना, म्हणून मावसभावाने दुसरी आणली. “तीन हजार म्हणजे दुप्पट की गं. मग थेंब निम्मे घालते,” मावशी म्हणाली.

तिच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. म्हणून मी तिला तेच उदाहरण दिलं. अर्काचे मिलिग्रॅम म्हणजे उसाचं वजन. साखर किती निघणार ते वजनावरून कळत नाही, उतारा काढावा लागतो. अर्कातही गुंगी आणणारा टीएचसी किती, गुंगी न आणणारा सीबीडी किती, हा त्याचा उतारा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर अर्काचं वजन ठळक असतं आणि उतारा कुठेच नसतो. तो फक्त प्रयोगशाळेच्या रिपोर्टात सापडतो.

मी शहापूरची. औषध कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात अकरा वर्षं एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर काम केलं. घरात असं तेल आलं आहे आणि कोणत्या रिपोर्टावर विसंबायचं ते ठरवायचं आहे, अशांसाठी हे लिहिते. तेल घ्यावं की नाही, हा प्रश्न तुमच्या वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा आहे, त्यात मी पडत नाही.

आधी झाडातली एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. ताज्या पानात टीएचसी जवळजवळ नसतो. असतो त्याचा आम्ल भाऊ, टीएचसीए. तो गुंगी आणत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे टीएचसी राहतो. वजनात घट होते, म्हणून १०० मिग्रॅ टीएचसीएपासून जास्तीत जास्त ८७.७ मिग्रॅ टीएचसी मिळतो. रिपोर्टावर ‘एकूण टीएचसी’ असं दिसलं तर त्यामागचं सूत्र हेच: टीएचसी अधिक ०.८७७ गुणिले टीएचसीए. सीबीडीचंही तसंच.

जीसी आणि एचपीएलसी: दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा

गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे जीसीत, नमुन्याची वाफ करावी लागते. सुई ज्या तोंडातून नमुना सोडते ते तोंड साधारण २५० ते ३०० अंशांवर तापलेलं असतं. तिथे शिरताच टीएचसीए भाजला जातो आणि त्याचा टीएचसी होतो. यंत्र मग जे मोजतं ते ‘हे तेल तापवलं असतं तर किती टीएचसी निघाला असता’ याचं उत्तर. तेही कधी कधी थोडं कमी, कारण तेवढ्या क्षणात सगळाच टीएचसीए बदलतो असं नाही.

एचपीएलसीत वाफ नाही. नमुना द्रवातच राहतो. मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल, पाणी आणि किंचित फॉर्मिक आम्ल अशा मिश्रणाबरोबर तो बारीक कणांनी भरलेल्या नळीतून दाबाने ढकलला जातो. प्रत्येक घटक त्या कणांना कमीजास्त चिकटतो आणि आपापल्या वेळी बाहेर पडतो. पलीकडे अतिनील प्रकाश टाकून प्रत्येकाचं प्रमाण मोजतात. टीएचसी वेगळा, टीएचसीए वेगळा, सीबीडी, त्याचा आम्ल भाऊ सीबीडीए, टीएचसी जुना झाला की होणारा सीबीएन, सगळे वेगळे. म्हणजे ‘आत्ता बाटलीत काय आहे’ याचं उत्तर.

मावशीच्या दोन बाटल्यांचे रिपोर्ट आम्ही मागवले. पहिलीचा जीसीवर केलेला: टीएचसी २.१ टक्के, म्हणजे ग्रॅममागे २१ मिग्रॅ. दुसरीचा एचपीएलसीवर: ग्रॅममागे टीएचसी १२ मिग्रॅ, टीएचसीए ९ मिग्रॅ, सीबीडी ३ मिग्रॅ. नुसतं बघितलं तर पहिली कडक वाटते. आता दुसरीचा हिशोब करा. ९ ला ०.८७७ ने गुणलं तर ७.९. त्यात १२ मिळवले तर एकूण १९.९. लेबलवर १५०० आणि ३००० असं दुपटीचं अंतर होतं, आणि तापवून मोजलं तर दोन्ही जवळपास सारख्या!

पण मावशी तेल तापवत नाही, चमच्यात घेऊन गिळते. तिच्यासाठी दुसऱ्या बाटलीतला कामाचा आकडा १२ आहे, १९.९ नाही. तेलाची घनता ०.९२ धरली तर मिलीमागे सुमारे ११ मिग्रॅ. आणि पहिल्या बाटलीत? २१ पैकी खरा टीएचसी किती आणि टीएचसीए किती, हे त्या रिपोर्टावरून कधीच कळणार नाही. सगळा टीएचसी असू शकतो, अर्धाही असू शकतो. अमेरिकेत टीएचसीच्याच औषधी कॅप्सूल आहेत, त्यातली सर्वांत लहान २.५ मिग्रॅची असते. सत्तरीच्या बाईसाठी पाच आणि दहा मिलिग्रॅममधला फरक म्हणजे शांत झोप की रात्री मोरीकडे जाताना तोल जाऊन पडणं, एवढा मोठा असू शकतो. म्हणून तोंडाने घ्यायच्या तेलाला मी एचपीएलसीचाच रिपोर्ट मागते.

जीसी वाईट आहे असं मात्र कुणी समजू नये. अर्क आधीच पूर्ण तापवलेला असेल तर दोन्ही यंत्रांचे आकडे जुळतात. आपल्या आयुर्वेदात विजयेचं शोधन सांगितलं आहे. पानं पाण्यात धुवायची, गाळून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत पिळायची, वाळवायची आणि गाईच्या तुपात भाजायची. हे तुपात भाजणं रसायनाच्या नजरेतून बघितलं की मला फार मोठं वाटतं. टीएचसीएचा टीएचसी तिथेच होतो आणि टीएचसी तुपात विरघळतो. म्हणून शोधित विजयेच्या अवलेहाचा किंवा चूर्णाचा जीसी रिपोर्ट असेल तर मी अडून बसत नाही. जीसीच्या रिपोर्टावर ‘सिलिलेशन’ किंवा ‘डेरिव्हटायझेशन’ लिहिलेलं असेल तरीही चालेल. नमुन्याला आधी एक रासायनिक टोपी चढवलेली असते, त्यामुळे आम्लं भाजली जात नाहीत आणि वेगळी मोजता येतात.

एचपीएलसीलाही एक अडचण आहे, ती यंत्रात नाही, माणसाच्या हातात आहे. तिळाचं तेल मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही. भांड्यात दोन थर दिसतात, खाली तेलाचा मणी बसतो आणि त्यात थोडा टीएचसी अडकून राहतो. घाईत वरचाच थर गाळून सुईत भरला तर आकडा कमी येणार. आयसोप्रोपेनॉलमध्ये आधी तेल पूर्ण विरघळवून मग पातळ केलं की हा प्रश्न राहत नाही. जाणकार प्रयोगशाळा नमुन्यात मोजून टीएचसी मिसळते आणि तेवढा परत सापडतो का ते बघते. याला रिकव्हरी म्हणतात, आणि तुम्ही विचारलात तर ती सांगायला हवी. दुसरं, तुलनेसाठी शुद्ध प्रमाणित टीएचसी हाताशी लागतो. तो आपल्या देशात परवानगीशिवाय मागवता येत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे एचपीएलसी आहे’ एवढं ऐकून पैसे भरू नका. टीएचसीए आणि सीबीएनचं मानक आहे का, हेही विचारा.

टीएलसी, एचपीटीएलसी आणि खिशातली यंत्रं

टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, बघायला सुंदर आहे. सिलिकाच्या पांढऱ्या पट्टीवर तळाशी एक ठिपका ठेवायचा, पट्टी द्रावकात उभी करायची, द्रावक वर चढत जातो आणि घटकांना वेगवेगळ्या उंचीवर सोडत जातो. वाळवून फास्ट ब्लू रंग फवारला की सीबीडी नारिंगी, टीएचसी लाल आणि सीबीएन जांभळा उमटतो. ही भांगच आहे का, सीबीडी खरंच आहे का, तेल जुनं होऊन टीएचसीचा सीबीएन झाला आहे का, हे इथे स्वस्तात कळतं. थेंबांचा हिशोब मात्र यावर करू नका. ठिपका गडद की फिका हे डोळ्याने ठरवायचं म्हणजे रंग बघून दुधाची फॅट सांगण्यासारखं आहे. एचपीटीएलसीत तोच ठिपका प्रकाशयंत्राने मोजतात. आयुर्वेदिक औषधांच्या प्रयोगशाळांत ही पद्धत रुळलेली आहे आणि मानकासह केली तर आकडाही ठीक येतो. एचपीएलसी परवडत नसेल तर मी हिला दुसरा नंबर देईन.

खिशात मावणारी जवळ-अवरक्त प्रकाशाची यंत्रं विकायला येतात. ज्यांच्या गावात दूध डेअरी आहे त्यांना ही लगेच कळतील. डेअरीतल्या मशीनला गाय आणि म्हैस वेगवेगळी सांगावी लागते. चुकीच्या खुणेवर ठेवलं तर फॅट चुकीची लागते, आणि शंका आली की शेवटी गर्बरच्या नळीत आम्ल घालूनच खरी फॅट बघतात. या यंत्रालाही ज्या प्रकारच्या मालावर शिकवलं असेल तोच ओळखता येतो. फुलांवर शिकवलेलं यंत्र तिळाच्या तेलावर लावून काही उपयोग नाही. आणि जांभळा रंग देणाऱ्या कुप्यांची चाचणी पोलीस तपासात पहिली शंका घेण्यासाठी वापरतात, तिच्यातून ताकद कळतच नाही.

एक वेगळी बाब हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या, बियांच्या खाद्यतेलाची. ते औषध नाही, त्यात टीएचसी जवळपास नसायलाच हवा. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये बियांच्या तेलासाठी किलोमागे १० मिग्रॅ आणि बियांसाठी किलोमागे ५ मिग्रॅ अशी कमाल मर्यादा घातली. इतकं थोडं पकडायला टीएलसी कामाची नाही आणि साधी एचपीएलसीही अपुरी पडू शकते. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेली एलसी-एमएस मागा.

यंत्राआधी नमुना बघा

पहिल्या बाटलीवाल्यांना आम्ही एचपीएलसीचा रिपोर्ट मागितला. आठवड्याने आला. छान छापलेला, शिक्का-सही सगळं. मी बॅच नंबर जुळवून बघितला तर तो आमच्या बाटलीचा नव्हताच, दीड वर्ष आधीच्या बॅचचा होता. मला राग आला आणि अजूनही येतो, कारण शंभरातली नव्व्याण्णव माणसं तो नंबर बघणार नाहीत आणि कंपनीला ते ठाऊक असतं.

रिपोर्ट इंग्रजीतच येतो, म्हणून कुठे नजर टाकायची ते सांगते. बॅच नंबर बाटलीशी जुळतो का. तारीख किती जुनी. पद्धतीचं नाव आहे का. एकक कोणतं, ग्रॅममागे की मिलीमागे. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते, की हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. ती ओळ खरी आहे. कंपनीने निवडून चांगला भाग पाठवला असेल तर प्रयोगशाळेचा त्यात दोष नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह असेल तर उत्तम, पण मान्यता चाचणीगणिक असते. पाणी तपासायची मान्यता असलेली प्रयोगशाळा टीएचसीसाठी मान्य असेलच असं नाही. मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येते.

लेबलवर आंधळा विश्वास ठेवू नये याचा पुरावा परदेशातलाही आहे. २०१७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीत ऑनलाइन घेतलेली सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली होती. त्यातल्या फक्त २६ मध्ये आकडा लेबलपासून १० टक्क्यांच्या आत होता, आणि १८ मध्ये टीएचसी सापडला.

स्वतः नमुना पाठवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. बाटली आधी हातांत कोमट करून दोन मिनिटं उलटसुलट करा, तळाशी साका बसलेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात ती एसटीच्या टपावर किंवा कुरियरच्या पेटीत दिवसभर तापली तर टीएचसीएचा थोडा टीएचसी होतो आणि टीएचसीचा सीबीएन, म्हणून पावसाळ्यात किंवा थंडीत पाठवलेलं बरं. आणि कायद्याचं: १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे शेंडे, नुसतं पान त्या व्याख्येत बसत नाही. पण राज्यांचे अबकारी नियम वेगळे आहेत, आणि आपण तर सकाळी बेळगावात, दुपारी चंदगडात, संध्याकाळी गोव्यात असणारी माणसं. मूळ बिल आणि वैद्यांची चिठ्ठी बाटलीबरोबर ठेवा, आणि नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेकडून लेखी होकार घ्या. लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना आणि आयुष परवाना क्रमांक नसेल तर ती बाटली तपासायलाही पाठवू नका, घेऊच नका.

मावशीसाठी आम्ही दुसरी बाटली ठेवली. ती कमी कडक किंवा जास्त चांगली म्हणून नाही, तिच्यात काय आहे ते आम्हाला माहीत होतं म्हणून. मग ड्रॉपर तपासला. लेबलवर २० थेंबांना १ मिली लिहिलं होतं. मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणली, तिचं तोंड बोटाने बंद धरलं आणि थेंब मोजत गेलो. रेघेपर्यंत २७ भरले. रिपोर्ट घेऊन वैद्यांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, जुन्या चिठ्ठीवरचे थेंब खोडले आणि तिथे ०.२ मिली लिहिलं. ड्रॉपर आता देवघराच्या खणात पडून आहे. मावशी सिरिंजने मोजते.